वीतभर उंचीची गोष्ट

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिन्यातली नव्हे बरे का, मित्रांनो! जिन्यातल्या पायऱ्यांना वरखाली बहिणी असतात, बोलायला सोबत असते. मी पडले एकटी. वीतभर उंच, हातभर लांब, खाली दोन जाड पाय आणि मधोमध एक लांबट खाच. त्या खाचेत चार बोटे घातली की मला उचलून कुठेही नेता येते. ती खाच मला जन्मतः नव्हती. ती कशी आली, ते पुढे सांगेन.

माझा जन्म चर्चच्या मागच्या सुतारखान्यात झाला. त्याआधी मी एका बाकाची फळी होते. चर्चमधला अगदी मागचा बाक! त्यावर बसून कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षे प्रार्थना ऐकली होती. एके दिवशी बाकाचा पाय मोडला आणि त्याची रवानगी सुताराकडे झाली. सुताराने फळीवर टकटक केले, कान लावला आणि म्हणाला, "लाकूड अजून तरणंबांड आहे. जळणात घालणार नाही मी." मग त्याने करवत चालवली, रंधा मारला, सरस लावला, आणि मी झाले.

मी झाले ते त्याच्या मुलीसाठी. सात वर्षांची ती पोर इतकी चिमुकली होती की सारे तिला मुंगी म्हणत. मुंगीची आई चर्चची कापडे धुण्याचे काम करी. चर्चच्या मागच्या बाजूला एक ठेंगणी खोली होती. तिथे ओट्यासारखी उंच दगडी मोरी, दोन बादल्या, खळीचे पातेले आणि कोळशाची इस्त्री. मुंगीला आईला मदत करायची असे, पण हात मोरीपर्यंत पोचत नसत. म्हणून मी आले. मुंगी माझ्यावर उभी राहिली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि ओरडली, "बाबा, पोचले!" माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद.

आता त्या खोलीतला एक नियम सांगते. नीट ऐका, कारण माझी सगळी गोष्ट त्या नियमाभोवती फिरते. चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, वेळी वेदीवर जी भाकर ठेवतात, तिला कॅथलिक लोक ख्रिस्ताचे शरीर मानतात. त्या भाकरीचा एखादा कण वेदीवरच्या पांढऱ्या रुमालाला चिकटून राहू शकतो. म्हणून रुमालांचे पहिले पाणी मोरीत सोडायचे नाही. ते वाटीत धरायचे आणि बाहेर झाडाच्या मुळाशी, स्वच्छ मातीत ओतायचे. आमच्या खोलीबाहेर अंजिराचे झाड होते. मुंगीची आई ते पाणी रोज त्याच्या बुंध्याशी ओती आणि म्हणे, "सगळ्या गावात गोड अंजीर आपलंच. उगाच नाही."

मुंगी नऊ वर्षांची झाली, तेव्हा चर्चला नवे वाचनपीठ हवे झाले. वाचनपीठ म्हणजे ज्याच्यावर पवित्र ग्रंथ ठेवून, उभे राहून मोठ्याने वाचतात ते उंच मेज. काम अर्थातच बाबांकडे आले. चर्चचे फादर ताडासारखे उंच होते. मुले त्यांना पाठीमागे ताड फादरच म्हणत. बाबांनी त्यांना उभे केले, घडीची पट्टी उघडली, जमिनीपासून छातीपर्यंत माप घेतले. त्याच मापाने त्यांनी दोन वाचनपीठे केली. एक चर्चला, एक टेकडीवरच्या सेमिनरीला. सेमिनरी म्हणजे फादर होऊ पाहणारे तरुण शिकतात ती शाळा.

नवे वाचनपीठ पाहून मुंगीला राहवेना. एका दुपारी चर्च रिकामे होते. तिने मला दोन्ही हातांनी कवटाळले, धापा टाकत आत नेले आणि वाचनपीठामागे ठेवले. वर चढली. तरी हनुवटीच कशीबशी वर आली. तिने रिकाम्या बाकांना खणखणीत आवाजात वाचून दाखवले. कबर रिकामी असल्याची बातमी घेऊन बायका धावत आल्या आणि कोणाचा विश्वासच बसला नाही, तो भाग होता.

"कोण आहे तिकडे?"

ताड फादर दारात उभे होते. फादर जवळ आले. रागावले नाहीत, पण आवाज कोरडा होता. "खाली उतर, बाळ. मुलींनी इथं उभं राहायचं नसतं."

"का?"

"तसा नियम आहे."

"कोणी केला?"

"मोठ्या, विद्वान माणसांनी."

मुंगीने क्षणभर विचार केला. "त्यांनी कधी रुमाल धुतले होते का?"

फादरांची नजर खाली माझ्यावर गेली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पायरी धुण्याच्या खोलीतली आहे. तिथंच राहू दे."

घरी आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "तरी मी सांगत असते, मुंगी होऊन साखर खावी! कुठं तोंड घालतेस? फादरना उलट प्रश्न विचारतेस? जीभ आहे की कात्री?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला उलटे केले, पटाशी घेतली आणि माझ्या मधोमध खाच पाडू लागले. दुखले, खोटे कशाला सांगू!

आईने दारातून विचारले, "अहो, चांगल्या पायरीला भोक कशाला पाडताय?"

"न्यायला सोपी पडेल."

"न्यायला? कुठं?"

"जिथं हिची उंची कमी पडेल तिथं," बाबा म्हणाले आणि भुसा फुंकला.

मित्रांनो, त्यानंतर मी फार फिरले. मुंगी मोठी झाली, म्हणजे वयाने. उंचीने फारशी नाहीच. ती लांबच्या शहरात धर्मशास्त्र शिकायला गेली. वर्गात बाकी सगळे पुरुष आणि ही एकटी. तिच्या ट्रंकेत कपडे कमी आणि मी जास्त! तिथल्या ग्रंथालयात छतापर्यंत कपाटे होती. बायकांनी लिहिलेली जुनी पुस्तके अगदी वरच्या फळीवर, धुळीत पडलेली असत. मुंगीने ग्रंथपालांना कारण विचारले, तर ते म्हणाले, "कोणी मागत नाही म्हणून वर ठेवलीत." मुंगी म्हणाली, "वर ठेवलीत म्हणून कोणी मागत नसेल." आणि मला कपाटाशी ओढले. चार वर्षांत तिने ती फळी वाचून संपवली. जुन्या भाषा शिकली. धुळीने तिला शिंका येत. ती शिंकली की मी हलायचे, मी हलले की ती कपाटाला धरी. असा आमचा अभ्यास.

मग तिने स्वतः पुस्तक लिहिले. फार मोठे नव्हते. रुमालांच्या पहिल्या पाण्यापासून त्याची सुरुवात होती. ज्या हातांवर देवाच्या भाकरीचा कण सांभाळण्याचा विश्वास टाकला, त्याच हातांवर देवाचा शब्द सांभाळण्याचा विश्वास का टाकत नाही, असा तिचा प्रश्न होता. तिने भांडण मांडले नव्हते, प्रश्न मांडला होता. पण काही माणसांना प्रश्न भांडणापेक्षा जास्त बोचतो.

शिकून ती परत आली आणि सेमिनरीत शिकवू लागली. तिथे शिकवणारी ती पहिलीच बाई. आणि तिथे उभे होते ते दुसरे वाचनपीठ, बाबांच्या हातचे, ताड फादरांच्या मापाचे! पहिल्या दिवशी तिने मला खाली ठेवले, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, लिफ्ट आली वाटतं!"

वर्ग खो खो हसला. मुंगीही हसली. वर चढून म्हणाली, "आली. आता कोणाकोणाला वर यायचंय ते सांगा."

तो मागच्या रांगेतला विद्यार्थी ओशाळून वहीत डोके घालून बसला. पण पुढे रोज तास संपला की मला उचलून जागेवर ठेवायचे काम त्यानेच घेतले. सणासुदीला माझ्या अंगावर मेण चढे. पाहुणे आले की मला दाखवत, "हीच ती बाईंची पायरी." मला थोडा गर्वही झाला होता. तुमच्यापासून काय लपवायचे?

पण गर्वाचे घर खाली, म्हणतात ना! मुंगीच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार झाली. तीन फादरांची समिती बसली. निर्णय विरुद्ध गेला, तर मुंगीला सेमिनरीत शिकवता येणार नव्हते. आणि शिकवणे हा मुंगीचा श्वास होता. बाबा तोवर गेले होते. आई म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."

"आई, तू तिथं येऊन काय करणार?"

"बसेन. बसायला काही शिकावं लागत नाही."

समिती सेमिनरीच्या सभागृहात बसली होती. मध्ये ताड फादर, केस आता पांढरे झालेले. एका बाजूला तक्रारीचे कागद घेतलेले चष्मेवाले फादर. दुसऱ्या बाजूला एक अबोल फादर, सगळे टिपून घेणारे. मुंगीने मला वाचनपीठामागे ठेवले.

ताड फादरांनी वाकून पाहिले. "अजून तीच पायरी?"

"तीच, फादर. वाचनपीठही तेच आहे ना!"

चष्मेवाल्या फादरांनी घसा साफ केला. "बाई, तुम्ही विद्वान आहात. मग धर्मशास्त्राच्या पुस्तकात हे धुणं-भांडी कशाला? ही घरगुती कामं. त्यात कसलं आलंय शास्त्र?"

मुंगी शांतपणे म्हणाली, "फादर, एक विचारू? वेदीवरचे रुमाल धुतल्यावर पहिलं पाणी कुठं टाकायचं?"

"पाणी?" त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही. "टाकायचं कुठं म्हणजे? मोरीत! पाण्याला काय धाड भरलीये?"

"अहो फादर!" मागच्या बाकावरून आई ताडकन उठली. "मोरीत? गटारात सोडणार तुम्ही देवाला? चाळीस वर्षं मी वाटी वाटी पाणी अंजिराला घालतेय, आणि तुम्ही म्हणे मोरीत!"

चष्मेवाल्या फादरांचा चेहरा लालबुंद झाला. ताड फादर हळूच म्हणाले, "मातीत ओततात. तसा नियम आहे." अबोल फादर लिहिता लिहिता थांबले आणि त्यांच्या मिशा हलल्या. हसू आवरत होते बहुधा.

"तुम्हाला हिणवायला नाही विचारलं मी," मुंगी चष्मेवाल्या फादरांना म्हणाली. "पण फादर, तुम्ही तीस वर्षं तो रुमाल वापरला आणि माझ्या आईनं तो धुतला. देवाबद्दल जे तुम्हाला माहीत नव्हतं, ते तिला माहीत होतं. मी एवढंच लिहिलंय."

मला वाटले, जिंकलो! पण मित्रांनो, खरे बोलणे आणि जिंकणे या नेहमी एकाच दिवशी घडणाऱ्या गोष्टी नसतात. तीन आठवड्यांनी पत्र आले. दोन विरुद्ध एक. पुस्तक ग्रंथालयात राहील, मात्र वरच्या फळीवर. बाईंनी शिकवणे थांबवावे.

मुंगी मला घेऊन धुण्याच्या खोलीत परतली. मला मोरीखाली ठेवले. ती माझ्यावर चढली नाही, बसली. आईने तिच्यासमोर ओल्या रुमालांचा ढीग ठेवला आणि म्हणाली, "रडायचं तर रड. पण हात चालू ठेव, कापडं आंबतील."

माझे वाईट दिवस आले ते तेव्हा. मेण नाही, कौतुक नाही. मोरीखालच्या ओलीने माझा एक पाय फुगला, खाचेत साबणाचा चिकटा साचला. एका कोळ्याने माझ्या पोटाखाली जाळे विणले. मी गप्प पडून राहिले. पण कान तर उघडे होते! आणि काही महिन्यांनी मला नवेच आवाज ऐकू येऊ लागले. आधी कापडे धुणाऱ्या दोघी आल्या. मग एक शिक्षिका, एक परिचारिका. "बाई, ते पुस्तक आम्हाला समजावून सांगाल?" त्या उलट्या बादल्यांवर बसत. मुंगी रुमालांना इस्त्री करता करता शिकवी. मग एके दिवशी सेमिनरीतला तो मागच्या रांगेतला विद्यार्थी आला. "लिफ्ट चालू आहे का, बाई?" त्याच्यामागे आणखी दोघे होते. मुंगीने मला मोरीखालून ओढून काढले, जाळे झटकले, साबण खरवडला, चार दिवस सावलीत वाळवले. माझा फुगलेला पाय थोडा आखडला, पण बराचसा सरळ झाला. अशी सहा वर्षे गेली. एवढ्या काळात वरचे काही नियमही सैल झाले होते. चर्चमध्ये बायकांना वाचायला आता बंदी नव्हती. फक्त आमच्या चर्चमध्ये त्यांना कोणी बोलावत नव्हते.

आणि मग एके सकाळी दारात धाडकन आवाज झाला.

ताड फादर कपाळ चोळत उभे होते. "आई गं! कोणी केलं हे इतकं बुटकं दार?"

मुंगीच्या आईने इस्त्री बाजूला ठेवली. "तुमच्याच सुतारानं, फादर. ते करताना माझं माप घेतलं होतं त्यांनी."

फादर दाराकडे पाहत राहिले, मग मुंगीकडे. त्यांच्या कपाळावर टेंगूळ येत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असे काही उमटले, की जणू एक जुना हिशेब चुकला होता आणि चूक आत्ता सापडली. ते कमरेत वाकून आत आले आणि विचारले, "बसू कुठं?"

मुंगीने मला पुढे सरकवले. मित्रांनो, ताडाएवढा माणूस वीतभर उंचीवर बसला! त्यांचे गुडघे कानाशी आले होते.

"त्या दिवशी दोन मतं तुझ्याविरुद्ध पडली," ते म्हणाले. "त्यातलं एक माझं होतं."

"माहीत आहे, फादर."

"पाणी मातीत ओततात हा नियम मला पाठ होता. पण ओतलं एकदाही नव्हतं. गेल्या महिन्यात आपलं अंजिराचं झाड पाहत उभा होतो, तेव्हा हे ध्यानात आलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही." त्यांनी बाह्या सारल्या. "मला शिकव."

"धर्मशास्त्र?" मुंगीने विचारले.

"आधी रुमाल धुवायला."

आई पुटपुटली, "शंभर वर्षं आयुष्य फादर तुम्हाला," आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांना पिळायलाही येत नव्हते. अर्धे पाणी झग्यावर सांडले. पण वाटीतले पहिले पाणी त्यांनी एक थेंबही न सांडता बाहेर नेले, या वेळी दाराशी डोके वाकवून, आणि अंजिराच्या मुळाशी ओतले. परत येऊन म्हणाले, "रविवारी वाचशील का तू? चर्चमध्ये?"

त्या रविवारी चर्च भरलेले होते. मुंगीने माझ्या खाचेत बोटे घातली आणि सगळ्यांदेखत मला वाचनपीठाशी नेले. आता तिची हनुवटीच नव्हे, चांगले खांदेही वर आले. तिने तोच भाग वाचला. कबर रिकामी असल्याची बातमी घेऊन धावत आलेल्या बायकांचा. एकेकाळी मी शेवटचा बाक होते. माझ्यावर बसून बायकांनी फक्त ऐकले होते. आता माझ्यावर उभी राहून एकजण वाचत होती. माझ्या लाकडाच्या रेषारेषांत कंप सुटला होता.

बाहेर आल्यावर मुंगीने विचारले, "आई, कसं झालं?"

"दोन ठिकाणी घाई केलीस," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

ताड फादरांनी समितीला पत्र लिहिले की माझे मत मी मागे घेतो. वर्षभराने मुंगी पुन्हा सेमिनरीत शिकवू लागली. पुढे तो मागच्या रांगेतला विद्यार्थी तिथला प्राचार्य झाला. जुन्या वाचनपीठाला वाळवी लागली, म्हणून त्याने सुताराला बोलावले. आली एक तरुण मुलगी, कानावर पेन्सिल खोचलेली. तिने पट्टी उघडून विचारले, "माप कोणाचं घेऊ?"

"घ्या की माझंच," प्राचार्य सवयीने म्हणाले. आणि एकदम थांबले. "नाही, नाही. थांबा. आधी बाईंना विचारू."

नवे वाचनपीठ आता वर-खाली सरकते. बाजूचा खटका दाबला की ताडालाही पुरते आणि मुंगीलाही. त्या दिवशी मुंगीने मला जमिनीवर ठेवलेच नाही. नुसते हातात धरून उभी राहिली. मला क्षणभर वाईट वाटले. आपली गरज संपली की कोणालाही वाटतेच. पण मग आठवले, बाबांनी मला केले तेव्हा त्यांच्या मनात हेच असणार, की एक दिवस हिला पायरी लागूच नये.

आता मी पुन्हा धुण्याच्या खोलीत आहे. मुंगीचे केस पांढरे झालेत. ती दुपारी माझ्यावर पाय टेकवून लिहीत बसते, दुसरे पुस्तक. मुंगीची आई आता नाही, पण अंजिराचे झाड आहे. आणि रुमाल धुवायची पाळी आता सगळ्यांची असते. चष्मेवाल्या फादरांचीही. ते वाटी जरा जास्तच जपून नेतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी पायरी, एखादे स्टूल पडलेले असेल. त्याला ओलीत ठेवू नका. काम झाले की कोरडे पुसा, सैल पाय वेळीच ठोकून घ्या. आणि कोणाचे हात पोचत नाहीत असे दिसले, तर हसू नका. पायरी आणून द्या. एवढे तर करालच. पण मोठेपणी तुम्ही दार कराल, मेज कराल, नियम कराल, तेव्हा पट्टी उघडण्याआधी एकदा खोलीभर नजर फिरवा. कोणाकोणाचे माप घ्यायचे राहिले आहे, ते पाहा. अगदी मागच्या बाकापर्यंत पाहा.